दिवसभर काय करता?

घरात कुणी ‘अंग दुखतंय’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘गोळी घेतलीस का?’ दवाखान्यात गेलं की दुसरा येतो, ‘कुठं दुखतं?’ तिसरा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही: हे अंग दिवसभर करतं काय? अंगदुखीच्या बाबतीत हा तिसरा प्रश्न सगळ्यांत आधी यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तो टाळल्यामुळे आपण चुकीच्या माणसाला विश्रांती सांगतो, चुकीच्या माणसाला व्यायाम सांगतो आणि दोघांच्याही हातात एकच गोळी ठेवतो.

प्रश्न जुनाच आहे. इटलीतल्या मोदेना शहरातले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कुंभार, पाव भाजणारे, विणकर, दिवसभर बसून लिहिणारे कारकून यांच्यापैकी कोण कसं बसतं, किती वाकतं, काय उचलतं, याकडे त्यांनी बारकाईनं पाहिलं. आणि वैद्यांना सुचवलं की रुग्णाला नेहमीचे प्रश्न विचारताना एकाची भर घाला: तुम्ही काम काय करता? त्याला तीनशेहून अधिक वर्षं झाली. आपल्याकडच्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता असतो. व्यवसायाचा रकाना असलाच तर त्यात ‘शेती’ नाहीतर ‘गृहिणी’ एवढं लिहून पुढं जातात. ती शेती ट्रॅक्टरवर बसून होते की दिवसभर वाकून कापूस वेचण्यात जाते, ती गृहिणी दोन माणसांचं करते की अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना दिवसातून सहा वेळा उचलून बसवते, हे कुणाला कळत नाही. दुखण्याचं मूळ तर तिथंच असतं.

आधी निरुपद्रवी दुखण्याचं सांगतो, कारण पुष्कळदा भीती तिथंच जास्त असते. लावणी सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात, कंबर धरते. बऱ्याच दिवसांनी गड चढून आलेल्याचंही तेच होतं. ‘स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साचतं म्हणून दुखतं’ असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. ते द्रव्य काम थांबल्यावर तासाभरात निपटलं जातं, आणि हे दुखणं तर एक ते तीन दिवसांनी टिपेला पोहोचतं. खरं कारण असं की सवय नसलेलं काम, त्यातही ताण पेलत लांबत जाणाऱ्या स्नायूंचं काम, उदाहरणार्थ गडावरून उतरणं, स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा करतं. तिची दुरुस्ती चालू असताना अंग आंबून जातं. दुरुस्त झालेला स्नायू पुढच्या वेळी तेवढ्याच कामाला तितकासा कुरकुरत नाही. गरम पाण्याची आंघोळ, मिठाच्या पुरचुंडीचा शेक, तेल लावून हलक्या हातानं चोळणं, रात्रभर गाढ झोप आणि दुसऱ्या दिवशी थोडं चालणं एवढ्यावर ते ओसरतं. शेकानं आवळलेला स्नायू सैल होतो. निर्गुडीचा पाला गरम करून कमरेला बांधणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायची गरज नाही. मुरगळून सुजलेल्या पायाला मात्र पहिले एक-दोन दिवस शेक नको, तिथं गार पट्टी बरी. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची रीत गावांत अजून टिकून आहे. साधी उसण काही दिवसांत आपोआपच निवळते, त्यामुळे त्या रीतीनं कुणाचं बिघडत नाही. जोराचा हिसका तेवढा देऊ नये.

दुसऱ्या प्रकारचं दुखणं चिवट असतं. एकाच स्थितीत तासन्‌तास धरून ठेवलेला स्नायू आकसलेलाच राहतो, आपल्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबून धरतो, आणि त्याला रक्त पुरेनासं होतं. भाताच्या खाचरात वाकलेली बाई आणि हिंजवडीत मान पुढं काढून लॅपटॉपसमोर बसलेला इंजिनिअर, दोघांच्याही पाठीत हेच घडत असतं. डॉक्टरांपुढं दोघंही एकच वाक्य बोलतात, ‘मान आणि पाठ भरून येते.’ मात्र दोघांवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. इंजिनिअरच्या अंगाला हालचालीचा उपास घडलेला असतो. त्यानं दर अर्ध्या तासानं उठावं, स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला आणावी, पाठ, पोट आणि मांड्या बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा नेमानं करावा. त्याला पट्टा बांधून झोपवून ठेवलं तर दुखणं वाढेल. खाचरातल्या बाईला ‘रोज अर्धा तास चाला’ हा सल्ला देणं म्हणजे तिचं काही ऐकूनच न घेणं. ती पहाटेपासून चालतेच आहे. तिला वाकण्यातून सुटका हवी, मध्ये पाठ टेकायला मिळायला हवी, आणि ताटात भाताबरोबर पुरेशी डाळ हवी.

हा फरक किती मोलाचा आहे, हे एका अभ्यासावरून स्पष्ट होतं. हेलसिंकी नगरपालिकेच्या ज्या कर्मचाऱ्यांची कंबर अचानक धरली होती त्यांच्यावरचा हा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस अंथरुणात पडून राहायला सांगितलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले, आणि बाकीच्यांना सांगितलं की झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवा. हे शेवटचे लोक सगळ्यांत लवकर सावरले. तेव्हापासून ‘झोपून राहू नका, हालतं राहा’ हा सल्ला जगभर पक्का होत गेला, आणि तो योग्यच आहे. साध्या कंबरदुखीत हाडाला किंवा मज्जातंतूला काही गंभीर झालेलं नसतं. घाईनं काढलेल्या एमआरआयमध्ये मणक्यातली गादी सरकलेली दिसली म्हणून दुखण्याचं कारण सापडलं असंही होत नाही. न दुखणाऱ्या कितीतरी पाठींत तसंच दिसतं. पण तो सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा उचलताना एक गोष्ट सुटते. नगरपालिकेतल्या त्या माणसांचे रोजचे व्यवहार त्यांना बरं करणारे होते. ज्यांच्या रोजच्या कामानंच पाठ मोडली आहे त्यांना ‘नेहमीचं काम चालू ठेवा’ कसं सांगणार?

ऊसतोडीच्या फडात उभं राहून एक खेप नीट पाहावी. पुरुष कोयत्यानं ऊस तोडत पुढं सरकतो. बाई मागून ऊस गोळा करते, वाढ्यांना पीळ देऊन त्यानं मोळी आवळते आणि कुणाच्या तरी हातानं ती डोक्यावर घेते. गाडीला फळी लावलेली असते, पाऊल जेमतेम मावेल एवढी, पायाखाली लवणारी. तीस-चाळीस किलो डोक्यावर, मान ताठ, एक हात मोळीला. फळीवरून ती वर चढते, मानेला झटका देऊन मोळी टाकते आणि पुढच्या मोळीसाठी खाली उतरते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. दिवाळीच्या आसपास गाव सोडल्यापासून कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपेपर्यंत हेच. मजुरी टनावर ठरते आणि ती दोघांच्या मिळून एका कोयत्याची असते. मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच खर्च झालेली असते. एक दिवस पडून राहिलं तर खाडा होतो, आणि अनेक ठिकाणी खाड्याला दंड असतो. ‘चार दिवस वजन उचलू नका’ ही चिठ्ठी तिच्यासाठी औषधाची नसून दंडाची असते.

या बाईची कंबर दुखते, ओटीपोटात ओढ लागते, अंगावरून पांढरं जातं. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही. कंबरदुखी आणि पांढरं जाणं ती एका दमात सांगते, कारण तिच्या अनुभवात ती एकत्रच असतात. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते, आणि त्यांतल्या फारच थोड्यांपर्यंत उपचार पोहोचले होते. म्हणजे तिच्या तक्रारीत तथ्य असतंच. पण औषधानं बरा होणारा संसर्ग आणि ओझ्यानं दुखणारी कंबर वेगळी काढून पाहायला कुणी बसलं नाही, आणि बीडमध्ये यावर उपाय निघाला तो गर्भाशय काढून टाकण्याचा. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजल्यावर राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांत पस्तिशीच्या आतल्याही होत्या. गर्भाशयासोबत अंडाशयही गेलं की शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम घटतं, हाडं लवकर ठिसूळ होतात, सांधे कुरकुरू लागतात. कंबर दुखते म्हणून शस्त्रक्रिया करून घेतलेली बाई पुढच्या हंगामात पुन्हा त्याच फळीवर चढते, आणि आता तिचं सगळंच अंग दुखत असतं. ‘दिवसभर काय करता?’ हा प्रश्न न विचारल्याची एवढी मोठी किंमत दुसरीकडे कुठं मोजली गेली असेल, असं मला वाटत नाही.

बाकीच्यांच्या वाट्याला गोळी आणि सुई येते. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या कुठल्याही दवाखान्यात ‘अंग ठणकतंय, सुई द्या’ हे शब्द ऐकू येतात. एक इंजेक्शन, जमलं तर सलाईन, आणि माणूस संध्याकाळी शेतात. सलाईनमध्ये मीठ-पाण्यापलीकडे ताकद देणारं काही नसतं, आणि इंजेक्शनातलं डायक्लोफेनॅक दुखणं काही तास दाबतं. गोळीला माझा विरोध नाही. असह्य दुखण्यात दोन दिवस आराम देणारी गोळी ही मोठी सोय आहे, आणि साधं पॅरासिटामॉल योग्य मात्रेत बहुतेकांना चालतं. विरोध आहे तो कामाला परत जुंपण्यासाठी रोज घेतल्या जाणाऱ्या गोळीला. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या जठराला व्रण पाडू शकतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. उन्हात घाम गाळणाऱ्या आणि पुरेसं पाणी न मिळणाऱ्या शरीरात हा धोका आणखी वाढतो. म्हणजे ज्यांना ही गोळी सगळ्यांत जास्त विकली जाते, त्यांनाच ती सगळ्यांत जास्त बाधू शकते.

याच औषधाची दुसरीही एक हकीकत आहे. दुखणाऱ्या, लंगडणाऱ्या गुराढोरांना डायक्लोफेनॅक टोचण्याची पद्धत आपल्याकडे पडली होती. ती जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशातून ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००४ मध्ये कारण नक्की झालं, आणि २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक सरकारनं बंद केलं. जनावरांच्या बाबतीत शेवटी कुणीतरी विचारलं की हे औषध कुणाला, किती आणि का दिलं जातंय. माणसांच्या बाबतीत तो हिशेब अजून कुणी मांडलेला नाही.

घरातल्या बायकांचं दुखणं तर दुखण्यात धरलंच जात नाही. ‘तिचं रोजचंच आहे’ असं म्हणून विषय संपतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. पाच तासांचं हे काम वाकून, उकिडवं बसून, हात वर धरून होतं. ओट्याची उंची ठरवताना त्यापुढं कोण उभं राहणार आहे याचं माप बहुधा कुणी घेत नाही. ओटा उंच झाला तर पोळ्या लाटताना खांदे वर उचललेले राहतात, बुटका झाला तर कंबर वाकते. आखूड केरसुणीनं सगळं घर वाकून झाडावं लागतं. दांडा लांब असता तर तेच काम उभ्यानं झालं असतं. लांब दांड्याचा झाडू, ओट्यापुढं पायाखाली एक पाट, पिंप भरताना घागरीऐवजी नळी, असे हे उपाय आहेत. ते औषधांच्या दुकानात मिळत नाहीत आणि कुठलाही डॉक्टर ते लिहून देत नाही.

त्यात रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असलं की स्नायूंना प्राणवायू अपुरा पडतो, आणि जिना चढतानाच पिंढऱ्या भरून येतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता, मंदावलेलं थायरॉइड, अपुरी झोप, मनावरचा ताण आणि खिन्नता यांनीही सगळं अंग दुखतं. झोप तुटली की वेदना सोसण्याची ताकद खरोखरच कमी होते. रात्री बाळासाठी चार वेळा उठणाऱ्या आईच्या अंगदुखीत नाटक नसतं.

कामाची चौकशी केली की आजारही लवकर पकडला जातो, हा तिचा आणखी एक फायदा. कोकणात भातलावणीच्या दिवसांत पोटऱ्या दुखणं इतकं नेहमीचं असतं की त्याकडे कुणी बघतही नाही. पण चिखलपाण्यात काम केल्यावर थंडी वाजून ताप आला, डोळे लाल झाले आणि पोटऱ्यांना हात लावू देवेना, तर ते लेप्टोस्पायरोसिस असू शकतं. उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातले जंतू पायाच्या भेगांतून शिरतात. वेळेत साधी प्रतिजैविकं मिळाली तर माणूस बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसं गाठली जातात. ‘लावणीचा शीण आहे’ म्हणून घरी काढलेले चार दिवस इथं जीवावर बेततात. ताप आणि हाडं मोडल्यासारखं अंग दुखणं हे डेंग्यूचंही लक्षण आहे. त्यात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतलं तर रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून पॅरासिटामॉलखेरीज काही घेऊ नये. चिकुनगुन्याची मोठी साथ बार्शीत १९७३ साली येऊन गेली, मग तीन दशकं तो आजार जवळपास विस्मरणात गेला आणि २००५-०६ मध्ये परतला. ताप आठवड्यात उतरतो, सांधे मात्र महिनोन्‌महिने धरलेले राहतात. अशा माणसाला ताप उतरल्या उतरल्या पूर्ण कामावर बोलावणं बरोबर नाही.

काही खुणा मात्र कामावर ढकलायच्या नसतात. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा सुटणं किंवा बसायच्या जागी बधिरता, पायातली ताकद जाणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन उतरणं, रोज संध्याकाळी कणकण आणि पाठीत एकाच ठिकाणी दुखणं (मणक्याचा क्षय आपल्याकडे दुर्मीळ नाही), सकाळी बोटं तासभर आखडलेली राहणं, छातीतून डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ आणि दरदरून घाम. अशा वेळी शेक, मालिश, गोळी यांत वेळ घालवू नये. थेट डॉक्टरांकडे जावं.

आता आक्षेप. मला अनेकदा ऐकवलं जातं की काम बदलणं गरिबाच्या हातात नसतं, डॉक्टरांच्याही नसतं. गोळी निदान हातात आहे. आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो इतिहासाला धरून नाही. एकेकाळी बाजारात शंभर किलोचं पोतं हमालाच्या पाठीवर चढत असे. हमालांच्या पाठी आणि गुडघे पन्नाशीच्या आत निकामी होत, आणि तेही नशिबाचंच मानलं जाई. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली; ते स्वतः वैद्यकी करणारे होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केलं. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं प्रौढ पुरुषानं उचलायच्या ओझ्यासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. पोत्याचं वजन कमी करण्याचा आग्रह संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरला, आणि आज पन्नास किलोची गोणी सर्वसाधारण झाली आहे. त्या अर्ध्या वजनानं जितक्या कमरा वाचल्या असतील तितक्या कुठल्याही मलमानं वाचल्या नसतील. काम बदलतं. बदलायला लावावं लागतं.

फडातल्या मोळीला अशी मर्यादा अजून नाही. कारखान्याच्या काट्यावर भरलेली गाडी तोलली जाते, बाईच्या डोक्यावरची मोळी कुणी तोलत नाही. मोळीचं वजन ठरवून देता येईल. गाडी भरण्यासाठी यंत्र किंवा निदान रुंद, घट्ट बसणारी फळी देणं कारखान्यांना अवघड नाही. पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसांत खाडा धरू नये, असा नियम मुकादमाच्या कराराला जोडता येईल. तोड सुरू होण्याआधी तळावर हिमोग्लोबिनची तपासणी करून लोहाच्या गोळ्या देता येतील. आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर दोन ओळींची जागा सोडता येईल: काय उचलता, किती वेळ वाकता. ती जागा भरायला डॉक्टरांना फार तर एक मिनिट लागेल. पुढच्या हंगामाआधी बीड, अहिल्यानगर आणि जालन्यातल्या केंद्रांपासून ही सुरुवात करता येईल.